समीक्षाचा खुला गट

आमच्याकडे यंदा दिवाळी नाही. वैशाखात हे गेले. घरावर आकाशकंदील लागणार नाही आणि फराळ शेजारच्या बायका आणून देतील तेवढाच. दिवाळी अंकाच्या संपादकांना हे ठाऊक होतं. त्यांनी फोनवर लेखाचा विषय काढला आणि पुढच्याच वाक्यात, नाही जमलं तरी चालेल, असं म्हणून ठेवलं. मी म्हटलं, लिहिते, पण सावकाश. हे मराठीचे शिक्षक होते. मी लिहिलेलं सगळं आधी यांच्या हाती जायचं आणि पेन्सिलीनं निम्मं कापून परत यायचं. आता कापणारं कुणी नाही, म्हणून दोन ओळी लिहिते आणि उठून फाटकापर्यंत जाऊन येते.

लेख मात्र शोकाचा नाही, हे आधीच सांगते. माझ्या कामात मिळालेल्या एका विजयाचा आहे.

माझं काम आहारतज्ज्ञाचं. भंडाऱ्यातल्या एका रुग्णालयात नोकरी केली. तिथे माझी जागा स्वयंपाकघर आणि वॉर्ड यांच्या मधल्या बोळात होती. मूत्रपिंडाच्या रोग्याच्या ताटात मीठ किती, भाजलेल्या माणसाच्या पोटात दिवसभरात किती प्रथिनं गेली पाहिजेत, वाढ खुंटलेल्या बाळाला काय आणि किती वेळानं पाजायचं, हे ठरवायचं. आणि ठरवलेलं खरंच पोटात जातं की खाटेखालच्या पिशवीत, हेही पाहायचं. लोक डॉक्टरांसमोर हात जोडून उभे राहत आणि माझ्यासमोर वाटी घेऊन. मला आहारतज्ज्ञ कुणी म्हटलं नाही. ‘जेवणवाल्या मॅडम’ हेच नाव पडलं. त्याचा राग कधी आला नाही. अर्ध्या वॉर्डाला माझा चेहरा दिसला की भूक आठवायची, यापेक्षा बरी ओळख कोणती?

निवृत्तीनंतर घराची पुढची खोली मोकळी केली आणि तिथे बसू लागले. खोलीत येणारी माणसं वेगळी असतात. रुग्णालयात माणूस आजारी असतो, त्यामुळे ऐकतो. खोलीत येणारा अजून धडधाकट असतो. एक कापडाचे व्यापारी आले, साखर वाढलेली. मी सांगितलेलं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, मी दिवसभर दुकानात राहतो, मले हे याद नाही राहत. तुम्ही हिले सांगून द्या, थे पाळते.” बायको शेजारीच बसली होती. तिनं मनापासून पाळलं. महिन्यानं दोघं परत आली तेव्हा ती सडपातळ झाली होती आणि व्यापाऱ्यांची साखर जिथल्या तिथे. शहापूरच्या एका गृहस्थांना तर यायचंही नव्हतं. व्हॉट्सॲपवर लिस्ट टाका म्हणाले. कुणासाठी, म्हणून विचारलं तर सगळ्यांसाठी. घरात कोण कोण, तर म्हातारी आई, बाळंतीण सून आणि स्वतः ते.

या ‘लिस्ट’नं आमच्या धंद्याचा फार घात केला आहे. यादी कुणीही लिहील. समोरचा माणूस कुणाच्या हातचं खातो, घरात कुणाचं ताट शेवटी वाढलं जातं, तो काय लपवून खातो आणि काय खाल्लं असं खोटंच सांगतो, हे काढून घ्यावं लागतं. त्याला वेळ लागतो आणि ऐकणारे कान लागतात. कुणाला आपल्याकडे ठेवायचं आणि कुणाला आधी डॉक्टरांकडे पाठवायचं, हे ओळखणं हाही निम्मा धंदा आहे.

आता समीक्षाकडे येते.

समीक्षा करडी गावची. वय सोळा, अकरावीत. वडील देवानंदभाऊ धानाची शेती करतात आणि हंगामात धान खरेदी केंद्रावर काट्याशी उभे राहतात. पोतं काट्यावर ठेवायचं, रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायचं, आकडा मोठ्यानं सांगायचा. धानात ओलावा जास्त असला तर माल बाजूला. गावात त्यांच्या आकड्यावर कुणी वाद घालत नाही. हिवाळ्यात कबड्डीचे सामने सुरू झाले की काटा मैदानावर जातो आणि काट्यामागे देवानंदभाऊही.

कबड्डीच्या मैदानावर काटा कशाला, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्या भागात गावोगावचे सामने वजनगटात होतात. खेळण्याआधी प्रत्येकानं काट्यावर चढायचं, मर्यादेच्या वर गेला तो बाहेर. एक खुला गटही असतो. त्यात वजन पाहत नाहीत, पण तिथे मुरलेले, थोराड संघ उतरतात. म्हणून गावच्या पोरी वजनगटातच खेळतात, आणि मर्यादेत मावण्यासाठी आदल्या दिवसापासून उपाशी राहतात, पाणी तोडतात, स्वेटर घालून बांधावरून पळतात. याला ‘वजन बसवणं’ म्हणतात. आधी पोरं करत, मग पोरींनी उचललं. त्यात कुणाला वावगं दिसत नाही; सणाआधी घर सारवतात तसं ते सामन्याआधी असतं.

समीक्षा कोपऱ्यात उभी राहायची. चढाई करणारीचा घोटा तिच्या हातात आला की सुटत नसे. उंच, रुंद हाडाची पोरगी. त्या वयात वाढायला हवी तशी ती दरवर्षी वाढत होती. गटाची मर्यादा वाढत नव्हती.

वजन बसवून भागेना तेव्हा देवानंदभाऊंनी तिला तालुक्याच्या गावी एका ठिकाणी नेलं. भिंतीवर जाड माणसांचे आणि त्याच माणसांचे बारीक झालेले फोटो, टेबलावर पावडरीचे डबे, आणि छातीवर गोल बिल्ला लावलेला एक तरुण. त्याला सगळे कोच सर म्हणत. त्यानं सकाळ-संध्याकाळ जेवणाऐवजी पावडरीचा पेला सांगितला आणि भात बंद केला. धान पिकवणाऱ्याच्या घरात भात बंद. दर रविवारी केंद्रावर सामसूम असताना देवानंदभाऊ पोरीला काट्यावर उभं करत. पोतं वजा करायची सवय असल्यामुळे कपड्यांचं वजन अंदाजानं वजा करत. आकडा उतरत होता. बाप खूश होता आणि पोरगीही. आई तेवढी नव्हती. तिच्या हाताला रोज कंगव्यातले केस लागत होते.

त्या हिवाळ्यात शेजारच्या एका गावच्या सामन्यात समीक्षा वजनात बसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्याच चढाईला पकडीसाठी पुढे झाली आणि तिथेच कोसळली. सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन माझं नाव सांगितलं.

तिघं माझ्या खोलीत आली तेव्हा पहिलं वाक्य समीक्षाचंच होतं.

“मॅडम, मले जेवण शिकवू नका. सामन्याच्या दिवशी काटा गटात कसा आणायचा, तेवढं सांगा.”

मी म्हटलं, ते मला येत नाही. तिनं आईकडे पाहिलं. या बाईकडे कशाला आणलं, असं. मी आपली माझ्या वाटेनं विचारत गेले. काल सकाळी उठल्यापासून काय काय पोटात गेलं? आई सांगू लागली तर समीक्षा तिला दटावून गप्प करी. मग मी देवानंदभाऊंना थोडा वेळ बाहेर बसायची विनंती केली. ते उठायला जरा वेळ लावूनच उठले. ते गेल्यावर आईनं हळूच सांगितलं, दसऱ्यापासून पोरीची पाळी आली नाही. जिना चढताना दम लागतो. हात थंडगार राहतात. समीक्षा खाली मान घालून नखं पाहत होती, आणि नखं पांढरी होती.

मी त्यांना माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे तपासण्यांसाठी पाठवायचं ठरवलं. देवानंदभाऊ आत आले आणि खोलीभर नजर फिरवून म्हणाले, “वजन नाही करत का जी तुम्ही?”

आज नाही, मी म्हटलं.

“मंग समजन कसं?” त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मला समजावून सांगू लागले. “हे काही बिमारी नाही मॅडम. धान ओलं राहिलं का वजन जास्त भरते. वाळवलं का उतरते. दाणा तेवढाच राहते. पोट्टीचा ओलावा उतरून राहिला, बस.”

मला ते ऐकून बरं वाटलं, कारण माणूस निम्मा बरोबर होता. उपाशी राहून पहिल्यांदा जे उतरतं ते बरंचसं पाणीच असतं. मी म्हटलं, “अगदी खरं. पण देवानंदभाऊ, धान वाळलं आणि तरी तुम्ही ते रोज कडक उन्हात पसरत राहिलात, तर गिरणीत काय होतं?”

उत्तर लगेच आलं. ते त्यांच्या रोजच्या कामातलं होतं.

“दाण्याले चीर जाते. सारी कनकी होते.”

कनकी म्हणजे तुटका तांदूळ. अख्ख्या दाण्यासारखा तो शिजत नाही आणि पाहुण्याच्या पानात कुणी वाढत नाही. बोलून झालं आणि देवानंदभाऊ पोरीकडे पाहत राहिले. कानशिलाजवळ विरळ झालेले केस त्यांना बहुधा त्या वेळी पहिल्यांदा दिसले. आईनं पदर तोंडाला लावला. समीक्षाच तेवढी शाबूत होती. ती म्हणाली, “मी काय धान आहो का?”

“नाहीस ना,” मी म्हटलं, “मग काट्यावरून उतर.”

इथे गोष्ट संपली असती तर हा लेख फार सोपा झाला असता. पण देवानंदभाऊ एका आकड्यावर विश्वास ठेवणारे नव्हेत. दोन काट्यांवर पडताळून पाहणारे. पुढच्या खेपेला ते समीक्षाबरोबर त्या कोचलाही घेऊन आले. आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं आणि स्वतः दाराशी उभे राहिले.

मुलगा सभ्य होता. वाकून नमस्कार केला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि मला म्हणाला, “मॅडम, तुमच्याकडे एवढे लोकं येतात. तुम्ही आमच्यात जॉईन होऊन जा ना. तुमच्या खाली पुष्कळ मेंबर लागतीन.” आतल्या खोलीतून यांनी पुस्तक मिटल्याचा आवाज आला. हे एरवी माझ्या खोलीतलं काही ऐकत नसत.

मी त्याला विचारलं, या मुलीचं वय किती? त्याला सांगता आलं नाही. पेले किती घ्यायचे ते कशावरून ठरवलं? वजनावरून, तो म्हणाला. घरी काय शिजतं ते विचारलं होतं का? नाही. पाळीबद्दल विचारलं तेव्हा तो लालबुंद झाला आणि मोबाइल पाहू लागला. तो खोटारडा नव्हता. दोन दिवसांच्या शिबिरात त्याला जे सांगितलं गेलं ते तो श्रद्धेनं लोकांना सांगत होता, आणि त्याचं स्वतःचं वजनही त्या पावडरीनं उतरलं होतं. अडचण तीच होती. खोटारड्याला निदान आपल्याला काय येत नाही ते ठाऊक असतं.

समीक्षा त्याच्याकडे टक लावून पाहत होती. ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही डॉक्टर नाही?”

“मी कधी म्हटलं डॉक्टर आहो म्हणून?”

त्यानं खरंच कधी म्हटलं नव्हतं. बिल्ला, पांढरा शर्ट आणि ‘सर’, यांवरून घरच्यांनीच ते धरून घेतलं होतं.

तो गेल्यावर समीक्षानं मला बरंच काही विचारलं, तेच इथे मांडते, कारण अंकाच्या वाचकांतही आईबाप असतील. आमच्या विषयात रीतसर पदवी असते, पुढचं शिक्षण असतं, रुग्णालयात उमेदवारी असते आणि मग परीक्षा देऊन नोंदणी होते. एवढं केलेला माणूस हुशारच असतो असं नाही. मीही काही चांगले आणि काही सामान्य पाहिले आहेत. पण काय करायचं नाही, हे त्याला शिकवलेलं असतं. वयात येणाऱ्या मुलांच्या बाबतीत ते फार महत्त्वाचं. मोठ्या माणसाचं वजन उतरवता येतं. वाढत्या मुलाचं बहुतेक वेळा उतरवायचं नसतंच. उंची वाढत असते, हाडं भरत असतात. खाणं, झोप, खेळ जागच्या जागी लावायचा आणि वाढीला वजनापर्यंत पोचायला सवड द्यायची. जो पहिल्याच भेटीत किती उतरवून देतो ते सांगतो, आणि त्याच भेटीत काहीतरी विकतो, त्याच्याकडून पोरांना घेऊन उठावं.

पुढचे महिने सांगण्यासारखे नाहीत, इतके संथ होते. तपासणीत रक्त फार कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी औषधं सुरू केली आणि ताट माझ्याकडे सोपवलं. समीक्षा भाताला घाबरत होती. हे वाचायला विचित्र वाटेल. वाटीभर भात समोर आला की ही दांडगी पोरगी, जी धावत आलेल्या बाईला पायाला धरून आडवी पाडते, ती रडू लागे. मी भात बंद केला नाही आणि वाढवलाही नाही. भाताचे सोबती वाढवले. तुरीचं घट्ट वरण, तलावातली मासळी, अंडं, हिवाळ्यात पोपटाच्या म्हणजे ओल्या वालाच्या दाण्यांची उसळ, जवसाची चटणी. सकाळी शाळेत जाण्याआधी काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, हे आईवर सोपवलं. आईनंही तिच्याबरोबर बसून खायचं, सगळ्यांचं झाल्यावर नाही. ही अट आईला औषधापेक्षा कडू गेली.

देवानंदभाऊंवर एकच अट घातली. घरात पोरीच्या अंगाबद्दल कुणी बोलायचं नाही. जाड नाही, बारीक नाही, आणि ‘आता बरी दिसतेस’ हेही नाही. त्यांचा जन्म आकडे मोठ्यानं सांगण्यात गेलेला. समीक्षा हसून सांगायची, बाबा जेवताना काहीतरी बोलायला तोंड उघडतात आणि घास भरून घेतात.

सगळ्याच मुली अशा परत येत नाहीत. ज्यांना घरचे दुसऱ्या भेटीलाच आणत नाहीत, त्यांचे चेहरे मला अजून आठवतात, आणि त्याला उपाय नाही. पण पावसाळ्याच्या सुरुवातीला एक दिवस आईचा फोन आला. आधी हवापाण्याचं बोलली, मग आवाज खाली आणून म्हणाली, “मॅडम, पोरीची पाळी आली.” मी स्वयंपाकघरात होते. फोन ठेवून यांना ती बातमी सांगितली. एका सोळा वर्षांच्या परक्या मुलीची पाळी आल्याचा आनंद दोन म्हातारी माणसं चहा करून साजरा करतात, हे फक्त आमच्याच धंद्यात होत असेल.

हिवाळा जवळ आला तसा खरा प्रश्न समोर आला. समीक्षाचे केस दाट झाले होते, हात गरम होते, उंचीही वाढली होती. आणि ती गटाच्या मर्यादेच्या वर होती. थोडीथोडकी नाही, चांगलीच वर. कबड्डी हेच तिचं सगळं होतं. एके दिवशी ती दीपालीला घेऊन आली. दीपाली संघाची कर्णधार, चढाई करणारी, चिमणीएवढी पोरगी.

दीपालीनं आडपडदा ठेवला नाही. “मॅडम, सामन्यापर्यंत हिचं किती उतरन?”

“काहीच नाही,” मी म्हटलं. “मी उतरवणार नाही. आणि कुणी उतरवू लागलं तर हिचे आईवडील ते होऊ देणार नाहीत.”

समीक्षानं डोळे मिटले. मला वाटलं, आता दोघी उठून जातील. वजनगट आहे, समीक्षाच्या जागी दुसरी पोरगी घेता येते. कोणताही संघ तेच करेल. दीपाली ओढणीच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत बसली होती. मग समीक्षाकडे वळून म्हणाली, “मंग आपण साऱ्याच खुल्यात उतरू.”

“पागल झाली का? उचलून फेकतीन तुमाले.”

“आमाले फेकतीन. तुले कोण फेकन?”

हा निर्णय माझ्या खोलीत झाला, पण माझा नव्हता. गावात त्यावर बरंच हसू झालं. कोणी म्हणालं, बकऱ्या म्हशींच्या कळपात चालल्या. देवानंदभाऊंनी मला फोन करून विचारलं, पोरींना लागणार तर नाही? मी म्हटलं, लागेल. उपाशीपोटी खेळून लागण्यापेक्षा भरल्या पोटी लागलेलं लवकर बरं होतं.

सामने बपेऱ्याला होते. मध्य प्रदेशची सीमा तिथून हाकेवर, त्यामुळे पलीकडचेही संघ येतात. खुल्या गटात पोरी कशाबशा शेवटच्या सामन्यापर्यंत पोचल्या, तो पाहायला हे मला घेऊन गेले. यांना कबड्डीतलं काही कळत नसे. एका बाजूला सात माणसं का, हे वाटेत दोनदा विचारलं. मैदानाच्या एका कडेला वजनगटाचा काटा होता आणि तिथे दुसराच कुणी आकडे सांगत होता. देवानंदभाऊ आमच्या शेजारी सतरंजीवर बसले होते. हात कुठे ठेवावे हे त्यांना समजत नव्हतं.

समोर बपेऱ्याचाच संघ होता. घरचं मैदान, मागे सारा गाव. त्यांची कर्णधार कल्याणी नावाची, लांब पायांची, वाऱ्यासारखी आत येणारी. पहिल्या काही मिनिटांतच बकऱ्या-म्हशींचं म्हणणं खरं ठरू लागलं. कल्याणी आत यायची, एक-दोघींना शिवायची आणि त्या पकडायला आल्या तर त्यांना ओढत मधल्या रेषेपर्यंत न्यायची. दीपालीला तर तिनं उचलून बाजूला ठेवलं. करडीची एकेक पोरगी बाहेर जाऊन बसली आणि शेवटी मैदानात समीक्षा एकटी उरली. लोक ओरडत होते, ती एक गेली की संघ पुरता बाद.

कबड्डीचा एक नियम आहे. समोरची एक खेळाडू बाद केली की आपली बाहेर बसलेली एक परत आत येते. मला तो नियम त्या दिवशी समजला. कल्याणी आत आली, हसत आली, कारण एकटी पोरगी काय करणार. समीक्षा मागे सरकत सरकत कोपऱ्यात गेली. आणि कल्याणीचा पाय पुढे पडला त्या क्षणी ती खाली बसली आणि तिनं घोटा धरला. कल्याणीनं ओढलं. एरवी अशा ओढीत पोरी फरफटत गेल्या होत्या. ही हलली नाही. कल्याणी हात लांब करून रेषेकडे झेपावली. ही हललीच नाही. अंगातलं सगळं वजन तिनं जमिनीला देऊन टाकलं होतं.

शिट्टी वाजली. दीपाली आत आली.

“धरली,” यांचा हात घट्ट पकडून देवानंदभाऊ म्हणाले. “गुरुजी, पोट्टीनं धरली.”

मग दुसरी धरली, तिसरी धरली. प्रत्येक पकडीला बाहेरची एक हलकी पोरगी उडी मारून आत येई. संघ भरत गेला. दीपालीच्या चढायाही लागू लागल्या. सामना करडीनं जिंकला, फार थोड्या गुणांनी जिंकला, पण जिंकला. पोरी समीक्षाला खांद्यावर घ्यायला धावल्या. त्यांच्यानं ती उचलली गेली नाही, तेव्हा सगळ्या तिच्याच अंगावर पडल्या. ती खाली मातीत हसत होती. आईनं डबा उघडला आणि भोवती एवढं गाव उभं असताना समीक्षा मातीच्या हातानं जेवली. मासळीचं कालवण आणि भात. माझं लक्ष खेळापेक्षा त्या डब्यावर जास्त होतं, हे कबूल करायला हवं.

त्यानंतर वैशाख आला आणि मी खोली बंद केली. सकाळी लवकर जाग यायची आणि काय करायचं ते सुचायचं नाही. लोकांचे फोन यायचे. मी त्यांना माझ्या हाताखाली उमेदवारी केलेल्या नागपूरच्या एका आहारतज्ज्ञाचं नाव सांगायची. बायका भेटायला येत, बसत, उठत. मला वाटत होतं, पुरे झालं आता काम.

आषाढात एका दुपारी फाटक वाजलं. बाहेर एक उंच मुलगी आणि तिची आई. मुलीला कुठेतरी पाहिलं होतं. ती म्हणाली, “मी कल्याणी. बपेऱ्याची.” एवढ्या लांबून एस्टी बदलून आल्या होत्या. आईला हे गेल्याचं कळलं होतं. ती हात जोडून म्हणाली, वेळ चुकीची आहे, पण पोरगी ऐकत नाही. कल्याणीलाही कुणीतरी वजन उतरवायला सांगितलं होतं, आणि मधे एकदा चक्करही आली होती.

मी सांगितलं, मी आता बसत नाही. पण उन्हातून आल्या आहात, पाणी घ्या. दोघींना खोलीत आणलं. खिडक्या बंद होत्या, त्या उघडल्या. आई खुर्ची ओढून बसायला लागली तर कल्याणीनं तिचा दंड धरून तिला थांबवलं.

“बसू नको माय. आधी विचारू दे.” आणि मला म्हणाली, “मॅडम, तुमचं शिक्षण काय झालं?”

आई शरमेनं अर्धी झाली. “अवो, मोठ्या माणसाले असं विचारते का कोणी?”

“समीक्षानं सांगतलं. पहिले थेच विचारजो म्हणे. नाही सांगतलं त उठून येजो.”

रुग्णालयातली सगळी वर्षं आणि त्यानंतरची या खोलीतली, कुणीही मला माझ्याबद्दल हा प्रश्न विचारला नव्हता. डॉक्टरांनी नाही, कापडवाल्यांनी नाही, शहापूरच्या गृहस्थांनी नाही. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला, तोंडी परीक्षेला उभं राहावं तशी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पदवी कोणती, कुठून, पुढचं शिक्षण कशात, उमेदवारी कुठे केली, नोंदणीची परीक्षा कधी दिली. कल्याणी मधे न बोलता ऐकत होती. माझं झालं तेव्हा तिनं आईच्या दंडावरचा हात काढला.

“बरं जी,” ती म्हणाली. “मंग बसतो आम्ही.”